तुम्ही विचारलंत म्हणून : खलाशाला चामड्याचे काय विकावे?

माझ्याकडे चामड्याचे काम शिकायला येणारी मुले असोत किंवा प्रदर्शनात मांडणीसमोर थांबणारी माणसे असोत, मुंबईत हे काम करताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "खारे पाणी लागले की चामडे कडक होते, त्याला बुरशी येते, मग बोटीवरची माणसे तुमच्याकडून घेतात तरी काय, आणि आम्हाला त्यांच्यासाठी काही करून विकायचे असेल तर काय करावे?" प्रश्नाचा पहिला अर्धा भाग अगदी खरा आहे, आणि उत्तर त्याच्यातच दडलेले आहे.

बोटीवर चामडे लावतात ते मुळात झिजण्यासाठी. बोयाला बांधलेली बोट भरती-ओहोटीबरोबर दिवसरात्र हलत असते आणि तिचा दोर एकाच कडेवर घासत राहतो. वल्हे कडीत फिरते, तिथले लाकूड खाल्ले जाते. डोलकाठीच्या आडव्या दांडीचे टोक शिडाला लागते आणि शीड फाटते. अशा प्रत्येक ठिकाणी मध्ये चामड्याचा तुकडा शिवला, की महाग वस्तू शाबूत राहते आणि तुकडा तेवढा बदलावा लागतो. त्यामुळे नांगराचे चित्र ठसवलेली पाकिटे करण्याआधी बोटीवर काय काय घासते ते जाऊन पाहावे, असे मी सांगते. नांगराचे चित्र पर्यटक घेतात. खलाशाने ते घेतलेले मी अजून पाहिलेले नाही.

माझ्याकडून सर्वांत जास्त जाणारी वस्तू म्हणजे शीड शिवणाऱ्याचा 'पाम'. शिंपी बोटात अंगुस्तान घालतो, पण शिडाचे जाड कापड आणि त्याच्या कडेला शिवलेला दोर यांतून दाभण ढकलायला बोटाचे बळ पुरत नाही, पूर्ण तळहात लावावा लागतो. पाम हे त्या तळहाताचे अंगुस्तान. हाताभोवती बसणारा चामडी पट्टा, त्याला अंगठ्यासाठी भोक आणि अंगठ्याच्या बुंध्यापाशी पक्की बसवलेली, बारीक खळगे पाडलेली धातूची चकती, एवढीच त्याची रचना. दाभणाचे मागचे टोक खळग्यात टेकते आणि हाताच्या एका रेट्याने टाका पार होतो. नुसते कापड शिवायचा पाम हलका असतो आणि त्याचे खळगे बारीक असतात. कापडाला दोर शिवायचा पाम जड, मोठ्या खळग्यांचा असतो आणि त्याच्या अंगठ्यावर चामड्याचे कवच असते, कारण टाका आवळताना सुतळीचा वेढा त्या कवचाभोवती घ्यायचा असतो. ही वस्तू हौसेची नाही. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने ज्या 'सुहेली'तून पृथ्वीप्रदक्षिणा केली ती बोट मुंबईत सागवानात बांधलेली होती, आणि भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये 'म्हादेई'तून अशाच प्रदक्षिणेला मुंबईहूनच निघाले होते. भर समुद्रात शीड फाटले तर ते शिवून देणारा दुसरा माणूस अशा प्रवासात कुठून येणार?

पामसाठी झाडपाल्यावर कमावलेले, म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरवलेले, तीन ते चार मिलिमीटर जाडीचे म्हशीचे चामडे घ्यावे. कोल्हापुरी चपलेच्या कामामुळे ते आपल्याकडे मिळते. ओले करून हातावर बसवले की ते त्या हाताचा आकार धरून वाळते. क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेले चामडे असा आकार धरत नाही. (जाता जाता सांगते : सुती शिडे आणि जाळी टिकावीत म्हणून ती पूर्वी काताच्या पाण्यात उकळत असत. चामडे कमावणारा आणि शीड टिकवणारा तुरट गुण एकाच जातीचा आहे, आणि काताचा खैर तर आपल्या कोकणातला.) चकतीसाठी मला पितळेपेक्षा स्टेनलेस स्टील बरे वाटते, आणि ती मी लेथवाल्याकडून करून घेते. मोजमाप गिऱ्हाइकाच्या हाताचे, बोटांच्या मुळांशी घ्यावे. एका पामला माझा जवळजवळ पूर्ण दिवस जातो.

दुसरे काम सुकाणूच्या चाकाचे. स्टीलचे चाक उन्हात तापते आणि ओल्या हातातून निसटते, म्हणून त्यावर चामडे चढवतात. हे सतत भिजणार असल्यामुळे इथे मात्र क्रोमवर कमावलेले, तेल मुरवलेले चामडे लागते. नव्वद सेंटिमीटर व्यासाच्या चाकाची कड सुमारे २८३ सेंटिमीटर भरते. पाच मिलिमीटरला एक भोक धरले तर पट्टीच्या एका काठाला साडेपाचशेच्या वर आणि दोन्ही काठांना मिळून अकराशेच्या वर भोके पाडायची, आणि मग पट्टी ताणत माशाच्या काट्यासारखा तिरपा टाका घालत जायचे. पट्टी चाकाच्या कडेच्या नळीच्या घेरापेक्षा चार-पाच मिलिमीटर अरुंदच कापावी, नाही तर महिन्याभरात ती सैल पडून चाकावर फिरू लागते. पैसे चांगले मिळतात, पण बोटे दुखतात.

व्यापारी जहाजांवर नोकरी करणारी मुले मात्र या दोन्हींकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना हवी असते कागदपत्रांची पिशवी. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाच्या जहाजावरच्या नोकरीची नोंद असलेली सरकारी पुस्तिका), पीतज्वराच्या लसीचे कार्ड, वैद्यकीय दाखला आणि प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांची ए-फोर आकाराची चळत, हे सगळे जहाज धरायला निघाल्यापासून विमानतळावर पुन्हा पुन्हा दाखवावे लागते; म्हणून पासपोर्ट आणि सीडीसी यांचे कप्पे बाहेरच्या बाजूला हवेत. ही पिशवी जहाजावर खराब होत नाही. तिला बुरशी लागते ती मालक सुट्टीवर आल्यावर, कोकणातल्या घरी, पावसाळ्यात बंद कपाटात. तिच्यासोबत मी कापडी खोळ देते आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका असे बजावते.

माझ्या चुकाही सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. सुरुवातीला मी सुऱ्यांच्या म्यानांना निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी बटणे लावली. दोन महिन्यांनी एक म्यान परत आले : बटण गंजून घट्ट बसलेले आणि भोवतीचे चामडे काळे पडलेले, कारण झाडपाल्याच्या चामड्यातले तुरट द्रव्य आणि लोखंड एकत्र आले की शाईच तयार होते. तेव्हापासून अस्सल पितळ किंवा स्टेनलेस स्टील, आणि म्यानाच्या तळाशी पाणी निथळायला भोक. दुसरी चूक याहून लाजिरवाणी होती. कागदपत्रांच्या पिशवीला मी चुंबकाची बटणे लावली होती, आणि एका बोटमालकांनी काही न बोलता ती पिशवी होकायंत्राशेजारी ठेवून दाखवली. आतली तबकडी हळूच वळली. त्यांनी पिशवी परत दिली, वर चहाही पाजला.

दोऱ्याबद्दल एवढेच, की सुती दोरा कुजतो, मेण लावलेला पॉलिएस्टरचा घ्यावा, आणि दोन सुयांनी हाताचाच टाका घालावा, कारण त्यातला एक धागा तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो.

विक्रीचे वेळापत्रक समुद्रच ठरवतो. मुंबईत शिडाच्या बोटी मेअखेर पाण्याबाहेर येतात आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा उतरतात. दुरुस्तीची कामे त्या मधल्या पावसाळ्यात निघतात, म्हणून नमुने मे महिन्यातच दाखवून यावेत. सुरुवात पाच पामनी करावी, आणि त्यांतले दोन डाव्या हाताचे करावेत. डावखुऱ्या माणसाला ते सहसा तयार मिळत नाहीत, आणि हाताला बरोबर बसले की तो भावाची घासाघीस करीत नाही.