तुम्ही विचारलंत म्हणून: घरचा फोन काढून टाकू का?

सोसायटीत, नात्यात, ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणींत मला एक प्रश्न सारखा विचारला जातो. ‘घरचा फोन काढून टाकू का गं? प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. महिन्याचे तेवढेच पैसे वाचतील.’ मी पटकन हो म्हणत नाही, नकोही म्हणत नाही. मग समोरची म्हणते, ‘तू एवढी हिशेबी, तुला कसला विचार पडलाय?’ परवा मामेबहिणीनेही हेच ऐकवलं, तेव्हा ठरवलं की एकदा बसून सगळं लिहायचं.

हिशेबी आहे, ते खरंच. ते बाबांकडून आलं. गिरगावात आमच्या घरी फोन आला १९८८ साली, कित्येक वर्षं नंबर लावून ठेवल्यावर. एमटीएनएल ही मुंबईची सरकारी टेलिफोन कंपनी सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. तबकडी फिरवायचा काळा, जड डबा. बाबांनी तबकडीच्या भोकात छोटं कुलूप अडकवलं होतं आणि किल्ली देव्हाऱ्यामागे असायची. मजल्यावरच्या बिऱ्हाडांचे फोन आमच्याकडेच यायचे. कुणाकुणाच्या कार्डावर आमचा नंबर ‘पीपी’ म्हणून, म्हणजे शेजाऱ्याकडचा निरोपाचा फोन म्हणून, छापलेला होता. रत्नागिरीच्या मावशीला फोन लावायचा तो रात्री अकरानंतर, दर उतरल्यावर. फोनशेजारी दोरीने बांधलेली वही होती, तिच्यात प्रत्येक कॉल लिहायचा आणि बिल आलं की ताडून बघायचा. ते ताडायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे पुढे लग्न होऊन मुलुंडला आले तरी माहेरच्या फोनचं बिल मीच बघत राहिले, आणि २०१९ साली तो फोन काढायचा निर्णयही मीच घेतला.

त्या निर्णयाला आधार नव्हता असं कुणी म्हणू नये. बाबा गेल्यानंतर आईच्या सोबतीला दादाचा मुलगा कॉलेजसाठी गिरगावात राहायला आला होता. त्याला इंटरनेट हवंच होतं, म्हणून एका खासगी कंपनीचं फायबर घरात आलं. त्या प्लॅनमध्ये टेलिफोन फुकट होता, कॉलही अमर्याद. म्हणजे एकाच घरात दोन फोन, आणि जुन्या तांब्याच्या लाइनचं भाडं महिन्याला २४० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २८३ रुपये २० पैसे, वर्षाचे ३,३९८. आई दिवसाला तीन-चार फोन करायची. मी कागदावर आकडेमोड केली, दादाला पाठवली, दादा म्हणाला, ‘उघड आहे.’ आई म्हणाली, ‘तुला बरं वाटतं ते कर.’ एकतीस वर्षांचा नंबर गेला. मोबाइलचा नंबर कंपनी बदलली तरी सोबत नेता येतो, जानेवारी २०११पासून देशभर ती सोय आहे. लँडलाइनला ती नाही, कंपनी बदलली की नंबर तिथेच राहतो. हे मला माहीत होतं. आईच्या नात्यागोत्यात ते कळवायचं कामही मी यादी करून केलं.

फायबर जोडायला आलेल्या मुलाला मी बरेच प्रश्न विचारले. राउटरची अनामत किती, परत कधी मिळते, बिल आगाऊ की मागाहून, सहा महिन्यांनी भाव वाढतो का, एसटीडीला वेगळे पैसे पडतात का. त्याने सगळ्यांची उत्तरं दिली. शेवटी म्हणाला, ‘मॅडम, आजींना फरकच कळणार नाही. जुन्यासारखाच चालेल.’ वीज गेली तर काय, हे मी विचारलं नाही.

माझी बाजू एवढीच की गिरगावात वीज जात नाही. म्हणजे जात नसे. बाहेरची ग्रिड कोसळली तरी मुंबईला तिच्यापासून तोडून दिवे चालू ठेवणारी यंत्रणा या शहराला आहे, आणि आम्ही तिच्या भरवशावर लहानाचे मोठे झालो. घरात इन्व्हर्टर असणारी माणसं म्हणजे आमच्या लेखी डोंबिवलीपलीकडची.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा बाजूच्या वीजवाहिन्या बंद पडल्या आणि ती यंत्रणाही त्या दिवशी मुंबईला वाचवू शकली नाही. मुलुंडला आमचे दिवे गेले. मला आईची काळजी लगेच वाटली नाही. उलट मनात आलं, बरं झालं तिच्याकडे लँडलाइन आहे. साडेदहाला, तिची पूजा आटोपते त्या वेळेला, रोजच्यासारखा फोन लावला. ‘आपण डायल केलेल्या क्रमांकाशी संपर्क होऊ शकत नाही.’ पुन्हा लावला, तेच. शेजारच्या वहिनींचा मोबाइल लावला, तो लागेना. थोड्या वेळाने माझ्याच मोबाइलची रेंज गेली. भाचा मार्चमध्येच लॉकडाउनच्या आधी पुण्याला गेला होता. आईचा मोबाइल होता, कपाटात, बंद. तिची बोटं संधिवाताने आखडलेली, काचेवर नीट टेकायचीच नाहीत.

मला तोपर्यंत कळलं नव्हतं, खरंच कळलं नव्हतं, की फोन का लागत नाही. जुन्या लाइनला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून येते. तिथे ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या असतात, तारेतूनच फोनला जेवढी लागते तेवढी वीज मिळते, म्हणून घरात अंधार असला तरी रिसीव्हर उचलला की टोन येतो. फायबरच्या काचेतून प्रकाश येतो, वीज येत नाही. राउटरचा प्लग भिंतीत, भिंतीत वीज नाही, की फोन म्हणजे नुसता डबा. हे ज्ञान मला सायनला जाताना रिक्षात झालं. मन म्हणत होतं, हे तुला २६ जुलै २००५ला कळायला हवं होतं. त्या दिवशी मी कुर्ल्यात अडकले होते, दिवे नव्हते, मोबाइल कुणाचाच लागत नव्हता, आणि एका दुकानदाराच्या लँडलाइनवरून मी आईशी दोन मिनिटं बोलले होते. त्या दिवशी शहरातल्या सगळ्याच लँडलाइन चालू होत्या असं मुळीच नाही. पण ती चालू होती, आणि तिच्यावरून मी बोलले होते. तरी २०१९च्या कागदावर ती दोन मिनिटं मी कुठेच मांडली नाहीत.

गाड्या बंद होत्या. सिग्नल बंद. रिक्षा सायनच्या पुढे जात नाही, तिथे टॅक्सीसाठी उभी राहिले. बारा वाजून गेले होते. मोबाइलला जरा रेंज आली म्हणून पुन्हा नंबर फिरवला, आणि घंटी वाजली. गिरगावात वीज आली होती. बऱ्याच वेळाने आईने उचलला. माझा ‘हॅलो’ ऐकून तिचं पहिलं वाक्य होतं, ‘भरलंस का गं बिल?’

घडलं होतं ते असं. ती न्हाणीघरात असताना वीज गेली. आमच्या न्हाणीघराला खिडकी नाही. अंधारात पाय घसरून ती उजव्या हातावर पडली. कशीबशी बाहेर आली, डाव्या हाताने रिसीव्हर उचलला, टोन नाही. तिला वाटलं, मी या महिन्याचं बिल भरायचं विसरले आणि कंपनीने फोन तोडला. एरवी आमच्या मजल्यावर दारं दिवसभर सताड उघडी असतात. तेव्हा करोनामुळे सगळी लावलेली. तिने हाक मारली असती तर वहिनी धावत आल्या असत्या. तिने मारली नाही. का, ते तिने मला दोन दिवसांनी सांगितलं. ‘त्यांनी म्हटलं असतं, फोन कर ना मुलीला. मग काय सांगणार होते, मुलीने बिल भरलं नाही म्हणून?’ बाबांच्या हयातीत आमचा फोन बिलापायी एकदाही तुटला नव्हता.

मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, दोन-अडीच तासांच्या उशिराने काही बिघडलेलं नाही. हे वाक्य मी दादाला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, तुम्हालाही आता सांगतेय. ते खरं आहे. पण अडीच तास ती स्वयंपाकघरात खुर्चीवर हात मांडीत धरून बसली होती आणि मनातल्या मनात माझी चूक झाकत होती. मी बिल तर आठ दिवस आधीच भरलं होतं.

कंपनीच्या तक्रार केंद्राने सांगितलं की वीज नसताना सेवा चालणार नाही, हे अटींमध्ये लिहिलेलं आहे. बघितलं, लिहिलेलं होतं. मी तिथेच थांबले. तुमची तक्रार रास्त असेल तर तुम्ही थांबू नका: तक्रारीचा नोंद क्रमांक (डॉकेट नंबर) घ्या, समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करा. त्याला पैसे पडत नाहीत. दूरसंचारच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत असं २००९च्या एका निकालाकडे बोट दाखवून सांगितलं जायचं. फेब्रुवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दार उघडंच असल्याचं स्पष्ट केलं. आणि कनेक्शन बंद कराल तेव्हा राउटर परत नेणाऱ्याकडून पावती घेतल्याशिवाय त्याला उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नका. माझ्या एका मैत्रिणीला पावती नव्हती, म्हणून चार महिने वसुलीवाल्यांचे फोन येत होते.

पण हे सगळं पैशांचं झालं, आणि पैशांचं मला आधीही येत होतं.

आता कुणी विचारलं, फोन काढू का, तर मी उलट विचारते. घरात दिवसा एकटं कोण असतं? त्याला मोबाइल उचलता येतो का, अंधारात, चष्म्याशिवाय? राउटरला बॅटरी आहे का? छोटा यूपीएस हजार-दीड हजारात येतो, राउटर काही तास चालतो; आईकडे मी तो त्याच आठवड्यात बसवला. पण जिन्यातल्या पेटीतही बघा. तिथे नुसता फायबरचा स्प्लिटर, म्हणजे एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणारा तुकडा, असेल तर त्याला वीज लागत नाही. इंटरनेट घराघरांत वाटणारा विजेवरचा डबा (नेटवर्क स्विच) असेल, तर वीज गेल्यावर तुमचा यूपीएस घरात चालू आणि फोन मात्र बंद. आमच्या इमारतीत स्प्लिटर आहे, हे मी स्वतः पेटी उघडायला लावून पाहिलं. कॉर्डलेस फोन म्हाताऱ्या माणसासाठी घेऊ नका, जुनी लाइन असली तरी; त्याच्या बुडाला विजेचा प्लग असतोच. हे ऐकून बायका म्हणतात, ‘अगं, मी फक्त पैसे वाचतील का ते विचारलं.’ मला ते बोचतं. मीही २०१९ला तेवढंच विचारलं होतं.

प्लास्टर निघालं आणि जानेवारीत नवा नियम आला: १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावायचं. आईला माझा नंबर पाठ होता, हाताला त्याची सवय होती. शून्य विसरली की बाई काहीतरी रेकॉर्ड केलेलं बोलायची आणि आई फोन ठेवून द्यायची. मी भिंतीवर मोठं शून्य लिहिलेला कागद चिकटवला. तो अजून तिथे आहे.

जुनी लाइन परत घ्यायची का, यावर दादाचं नि माझं अजून एकमत नाही. तो म्हणतो, आता मुलगा तिथे नाही, आईला इंटरनेटचा काय उपयोग, फायबरही काढ आणि मोठ्या बटणांचा मोबाइल दे. तो मोबाइल मी दिलाय. आई तो चार्ज करते, देवाजवळ ठेवते आणि फोन लँडलाइनवरूनच करते. दादाचा हिशेब बरोबर आहे, तो आकडे चुकवत नाही. मी त्याला नाही म्हणते तेव्हा माझ्याकडे मांडायला आकडा नसतो. कधी वाटतं, मी फोनसाठी भांडत नसून त्या सोमवारची भरपाई करतेय, आणि आईच्या सोयीचा त्या भरपाईशी संबंधच नाही. कधी वाटतं, असेना का, फोन तर चालू आहे.

दर महिन्याला कंपनीचा मेसेज येतो, वर्षाचे पैसे एकदम भरा, एक महिना फुकट. भरले तर वाचतील, मी गणित केलंय. अजून दरमहाच भरते, पाच तारखेच्या आत, आणि भरलं की आईला फोन करून सांगते.