तालमीतल्या गड्यानं बारबेल धरताना: माझा अनुभव

बेळगावच्या तालमीत वाढलेला गडी पहिल्यांदा बारखाली, म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेटा लावलेल्या लोखंडी दांड्याखाली, उभा राहतो तेव्हा दम भरपूर असतो, पायांत बळही असतं. आडवी येते ती मेहनतीची सवय. पाचशे जोर, हजार बैठका मारणाऱ्याला पाच वेळा वजन उचलून बार ठेवून द्यायचा, हे पटतच नाही. मला ते पटलं तेव्हाच बाकीचं जमत गेलं. लोखंडाचं काम थोडं, जड आणि नेटकं ठेवायचं. घाम गाळायला माती आहेच.

शंभर बैठकांनी दम वाढतो. पण दुहेरी पट (दोन्ही पाय) धरून समोरच्या जोडीला जमिनीवरून सोडवताना क्षणभर जो जोर लागतो, तो वेगळा. तो तीन ते सहा वेळाच उचलता येईल अशा वजनानं वाढतो, कारण तेव्हा मेंदू स्नायूंचे जास्तीत जास्त तंतू एकदम कामाला लावतो. त्यामुळं सुरुवातीचे काही आठवडे दंड फुगलेला दिसत नाही, तरी बारवरचं वजन चढत जातं. वजनगटात लढणाऱ्याच्या हे पथ्यावरच पडतं.

सुरुवातीला मी पावसाळा धरला. जूनपासून बेळगाव-खानापूर पट्ट्यात झड लागते, जत्रेची मैदानं थंडावतात, लढतीची घाई नसते. वस्तादांना आधी सांगून ठेवावं, कारण बैठकांचा आकडा निम्म्यावर आणावा लागतो. तो तसाच ठेवून वर स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन खाली बसून उठणं) घातले तर गुडघे दुखायला लागतात आणि दोष लोखंडावर येतो. लोखंडानं अंग आखडतं, असं जुनी माणसं म्हणतात. अर्धवट खाली जाऊन भलतं वजन उचललं आणि मातीला दांडी मारली तर आखडतंच. पूर्ण खालपर्यंत केलेल्या स्क्वॉटनं नाही आखडत.

पहिलं काम बार तोलून घेण्याचं. वेटलिफ्टिंग स्पर्धेचा बार मुलांचा 20 किलोचा, मुलींचा 15 चा. गल्लीतल्या जिमात मात्र पाच फुटी, सहा फुटी, पोकळ, भरीव असे सगळे असतात, आणि काही बार जेमतेम 7-8 किलो भरतात. भात गिरणीच्या काट्यावर बार आणि प्लेटा दोन्ही ठेवून बघावं. 10 लिहिलेली प्लेट नेमकी 10 भरेलच असं नाही, आणि दोन बाजूंत फरक पडला की कंबर एका अंगाला ओढते. खरं वजन खडूनं प्लेटेवरच लिहून टाकावं. सव्वा किलोच्या दोन प्लेटा जिमात नसतील तर स्वतः विकत घ्याव्यात. त्या नसल्या तर दर वेळी 5 किलोनं वाढवावं लागतं, आणि डोक्यावर प्रेस करताना ती उडी झेपत नाही.

आठवड्यात दोनच दिवस. एका दिवशी स्क्वॉट, बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून बार वर ढकलणं) आणि वाकून बारबेल रोइंग (बार पोटाकडं ओढणं). दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार धरून ताठ उभं राहणं), उभ्यानं डोक्यावर प्रेस (बार डोक्यावर ढकलणं) आणि पुल-अप (लटकून अंग वर ओढणं). पुल-अपला आडव्या दांडीवर टॉवेल टाकून त्याची टोकं धरायची, म्हणजे पकडही त्यातच तयार होते. स्क्वॉट आणि दोन्ही प्रेस 5-5 चे तीन सेट, म्हणजे पाच वेळा उचलून विश्रांती, असं तीनदा; रोइंग 8 चे तीन. डेडलिफ्टचे 5 चे दोनच सेट, कारण खडाखडीत (उभ्यानं चालणाऱ्या झटापटीत) वाकून उभं राहून पैलवानाची कंबर आधीच राबलेली असते. जोर मारून खांदे पुढं आलेले असतात, म्हणून ओढण्याचं काम ढकलण्यापेक्षा कमी पडू द्यायचं नाही.

आता स्क्वॉट. बैठकीत टाचा उचलतात, भार चवड्यावर येतो आणि खालून उसळी घ्यायची असते. हीच लकब बारखाली आली की टाच सुटते, छाती पुढं पडते आणि बार मानेकडं घरंगळतो. यावर मला सगळ्यात कामाला आला तो 16 किलोचा डंबेल. तो उभा छातीशी धरायचा, खाली जाऊन कोपरं गुडघ्यांच्या आत आणायची आणि तळाला दोन सेकंद थांबायचं. थांबलं की उसळी मरते. टाच, अंगठ्याचा बुंधा आणि करंगळीचा बुंधा, तिन्ही जमिनीला टेकलेले राहतात का ते बघायचं, बूट काढून बघितलं तर लगेच कळतं. दोन आठवडे एवढंच, मग रिकामा बार. बार मानेच्या मणक्यावर ठेवू नये, त्याच्या खाली खांद्यांच्या मांसल भागावर ठेवावा. श्वासही बदलावा लागतो. बैठकीत तो लयीत चालतो, इथं खाली जाण्याआधी पोटात आणि बरगड्यांत चारी बाजूंनी भरून घ्यायचा, पोट आवळायचं आणि वर आल्यावरच सोडायचा.

डेडलिफ्टमध्ये नवख्याला नडते ती प्लेटेची उंची. मोठ्या प्लेटेचा व्यास 45 सेंटीमीटर, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर राहतो. सुरुवातीच्या 40-50 किलोला छोट्या लोखंडी प्लेटा लागतात. मग बार घोट्याजवळ जातो आणि पाठ गोल केल्याशिवाय हात पोचत नाही. दोन्हीकडं सारख्या जाडीच्या फळ्या रचून बार तेवढ्या उंचीवर आणावा. बार पावलाच्या मध्यावर, नडगीपासून दोन-तीन बोटं लांब. हात पायांच्या जरा बाहेर, नडगी बारला टेकेपर्यंत गुडघे वाकवायचे, छाती काढायची. मग उचलायचं नाही, नुसतं ताणायचं. बार प्लेटेच्या भोकात वरच्या कडेला टेकतो आणि ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. तो ऐकल्यावर पायांनी जमीन ढकलायची. पैलवान इथं हमखास झटका मारतो, कारण मातीत झटक्याला किंमत असते. बारला झटका दिला की कुल्ले आधी वर जातात, पाय कामातून सुटतात आणि सगळा भार कमरेवर येतो. पहिले काही महिने मनगटाला पट्टे बांधून बार धरू नये, पकड वाढण्याची संधी वाया जाते.

पहिलं वजन हसू येईल इतकं हलकं घ्यावं: स्क्वॉटला 30 किलो, डेडलिफ्टला 40, बेंचला 30, डोक्यावर 20. पुढं दर वेळी स्क्वॉट आणि बेंचला अडीच किलो, डेडलिफ्टला 5, डोक्यावरच्या प्रेसला अडीच, आणि तेवढंही जड जाऊ लागलं की अर्ध्या किलोच्या दोन प्लेटा. सेट संपताना आणखी दोनदा उचललं असतं एवढी ताकद शिल्लक पाहिजे. पाच पुरे झाले नाहीत तर पुढच्या वेळी तेच वजन. पुन्हा अडलं तर दहा टक्के उतरवून परत चढायचं. दोन सेटमध्ये तीन मिनिटं विश्रांती. तालमीतल्या माणसाला हे बसणं आळस वाटतो, पण मिनिटभरात उठलं तर पुढचा सेट ताकदीचा न राहता दमाचा होतो.

दिवस कसे लावायचे, यात बहुतेक पोरं फसतात. रिकाम्या दिवशी वजनं टाकली की एकही दिवस हलका उरत नाही. ज्या दिवशी सकाळी जोरात लढती झाल्या, त्याच दिवशी संध्याकाळी निदान सहा तासांनी वजनं मारावीत आणि दुसरा दिवस हलका ठेवावा. मानेचा पूल (डोकं टेकवून मानेवर अंग तोलण्याचा व्यायाम) डेडलिफ्टच्या मागोमाग घालू नये.

खुराकात थंडाई आणि बदाम असतात, पण हिशोब प्रथिनांचा करावा. किलोमागं 1.6 ग्रॅम धरलं तर 70 किलोच्या गड्याला दिवसाला 112 ग्रॅम. एक लिटर म्हशीचं दूध साधारण 37, सहा अंडी 36, 100 ग्रॅम शेंगदाणे 25, 100 ग्रॅम कच्ची तूरडाळ 22. भाकरी न मोजताच भागलं. प्रथिनांच्या पावडरीच्या महागड्या डब्यांची गरज नाही, आणि खात्री नसलेल्या पावडरीतून उत्तेजक पोटात गेलं तर बंदी खेळाडूवरच येते.

दिवाळीनंतर मैदानं सुरू झाली की बारवरचं वजन तेच ठेवून सेट निम्मे करायचे, आठवड्यात एक-दोनदा. अंग दुखणं उचलल्यावर एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं, म्हणून शेवटची जड डेडलिफ्ट लढतीच्या पाच-सहा दिवस आधी, स्क्वॉट तीन-चार दिवस आधी आणि तोही हलका. मॅटच्या स्पर्धेसाठी वजन उतरवत असताना जड काही उचलूच नये. जत्रेच्या मैदानात जोड (कुणाशी कोण लढणार ते) ऐनवेळीही लागते. असा आठवडा असला तर डेडलिफ्ट सोडून द्यावी, स्क्वॉटचा एक सेट आणि थोडे पुल-अप मारून थांबावं.