कफ परेडचं मतदान केंद्र

2024च्या विधानसभेला, 20 नोव्हेंबरला, माझी केंद्राध्यक्षाची ड्युटी कुलाबा मतदारसंघात लागली. केंद्र होतं कफ परेडच्या एका टॉवरचा तळमजल्यावरचा हॉल. त्या वेळी बऱ्याच सोसायट्यांच्या आवारातच केंद्रं दिली होती. एरवी आम्ही मास्तर लोक शाळेच्या बाकांवर घाम पुसत मतदान घेतो. इथे एसी, गुळगुळीत फरशी. आदल्या दिवशी मशीन घेऊन पोचलो, तर वॉचमनने विचारलं, "कुठल्या फ्लॅटला?"

मॉक पोल, म्हणजे मशीन तपासायचं चाचणी मतदान, उरकून सातला खरं मतदान सुरू झालं. नऊपर्यंत फिरायला जाणारी मंडळी येऊन गेली आणि मग शुकशुकाट. दर दोन तासांनी आकडा कळवताना मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. बाहेर मात्र माणसांचा राबता होता. ड्रायव्हर, स्वयंपाकाच्या बायका, कुत्रं फिरवणारा पोरगा. दिवसभर तिथेच राबणाऱ्या या लोकांची नावं आमच्या यादीत कुठून असणार? यादी राहत्या पत्त्यावर होते, आणि यांचे पत्ते दिवा, नालासोपारा, नाहीतर गावचे.

अकराच्या सुमारास एक आजी व्हीलचेअरवरून आल्या. नजर गेलेली. सोबत त्यांना सांभाळणाऱ्या मावशी, दापोलीकडच्या. अशा मतदाराला सोबती नेता येतो. त्याचं वय 18 पूर्ण हवं आणि मत गुप्त ठेवीन असं त्याने लिहून द्यायचं. मावशींनी वळणदार सही केली. शाई आजींच्या डाव्या तर्जनीला, सोबत्याच्या उजव्या. दोघी आत गेल्या, आजींनी सांगितलेलं बटण मावशींनी दाबलं.

बाहेर आल्यावर बोटावर फुंकर घालत मावशी म्हणाल्या, "सर, उजव्याला लावलीत, म्हणजे माझं मत शिल्लक ना?"

"शिल्लक आहे. नाव कुठंय तुमचं?"

"गावाला. भरपगारी सुट्टी असते म्हणतात आज. पण मी गेले तर आजींना कोण बघणार?"

आजी लगेच म्हणाल्या, "मी कधी अडवलंय गं तुला?" मावशी हसल्या आणि खुर्ची वळवली.

नंतर आकडे आले. कुलाबा 44.44 टक्के, तिकडे कोल्हापूरचं करवीर 84.96. सगळं खापर टॉवरवाल्यांवर फोडणं बरोबर नाही. याच मतदारसंघात मच्छीमार नगर आहे, दाट झोपडपट्ट्याही आहेत. पण आमच्या केंद्राचं कोडं वॉचमनने दुपारीच, चहा पिता पिता सोडवलं होतं. वरचे दोन फ्लॅट वर्षभर बंद, एक कुटुंब दुबईला, एक लंडनला, आणखी कुणी सुट्टी जोडून अलिबागच्या बंगल्यावर. नावं मात्र सगळ्यांची यादीत.