पानिये, पानगे आणि आईचं माहेर

आई बाहेरचे बाफले, म्हणजे आधी उकळून मग भाजलेल्या बाट्या, खात नाही. इंदूरमध्ये चौपन्न वर्षं काढलेल्या बाईने असं म्हणावं म्हणजे कमालच. सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री साडेअकराला उभं राहून ती गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाईल, वरचा जिरावन मसाला कमी पडला तर मागून घेईल, पण हॉटेलातल्या बाफल्याचं नाव काढलं की एकच वाक्य: "तूप कुठलं असेल, देव जाणे."

यात थोडा दोष माझाही आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या वाढदिवसाला मी तिला शहरातल्या एका झगमगीत ठिकाणी ‘मालवी थाळी’ खायला नेलं होतं. गॅसच्या ओव्हनमधले बाफले आले. बाहेरून कडक, आत कच्चट, आणि वर तुपाच्या नावाखाली काहीतरी पिवळं ओतलेलं. आईने ते बोटाने हाताच्या मागच्या बाजूला चोळलं, हुंगलं, आणि काही न बोलता कढीभात खाल्ला. तेव्हापासून हा विषय आमच्याकडे बंद होता.

तो उघडला माझ्या भाच्याने. हा पुण्याचा, वय तेवीस, गेल्या श्रावणात चार दिवस राहायला आला होता. मोबाईलवर कुठेतरी बघून म्हणाला, "मावशी, सिमरोलच्या पुढे एक फॅमिलीवालं ठिकाण आहे. घरगुती ग्रिल्ड कम्फर्ट फूड."

आई म्हणाली, "काय फूड?"

"अगं आजी, बाटी. गोवऱ्यांवर भाजलेली."

"मग तसं म्हण की."

गोवऱ्या हा शब्द ऐकून ती तयार झाली, हे माझ्या लक्षात आलं. का, ते नंतर कळलं.

रविवारी सकाळी साडेदहाला लोकमान्य नगरातून निघालो. भंवरकुआँ, तेजाजी नगर, मग खंडवा रोड. रस्त्याचं काम चालू, त्यात पाऊस, त्यामुळे पंचवीसेक किलोमीटरला सव्वा तास लागला. वाटेत भाच्याने विचारलं, आपण इंदूरला कधीपासून? इथल्या कुठल्याही मराठी माणसाला हे विचारा, तो होळकरांबरोबर आलो म्हणेल. सगळे जर होळकरांबरोबर आले असते तर लढाईला सैन्य कमी आणि कारकून जास्त झाले असते. आमचे पणजोबा रेल्वेच्या नोकरीत खंडव्याला आले आणि तिथून वर चढले, एवढीच आमची बखर. ती रेल्वे मात्र खरंच होळकरांची. तुकोजीराव दुसरे यांनी 1870 मध्ये खंडवा ते इंदूर लाईनसाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ देऊ केले, साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीवर. मी आयुष्यभर लोकांचे हिशेब लिहिते, म्हणून हा आकडा मला तोंडपाठ आहे. राजाने सरकारला कर्ज द्यायचं आणि तेही व्याज ठरवून, हे मला फार आवडतं.

आईही याच लाईनने आली. 1970 साली, लग्न होऊन, अकोल्याहून मीटरगेजने. तिच्या त्या प्रवासातलं आम्हाला एकच माहीत आहे: कालाकुंडला गाडी थांबली तेव्हा बाबांनी पानावरचा कलाकंद घेऊन दिला आणि ती लाजून खाऊ शकली नाही. कलाकंद सासऱ्यांनी खाल्ला.

ठिकाण म्हणजे रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड, मागे घर, मध्ये अंगण. बोर्ड आहे, पण पावसाने अर्धा पुसलेला. पोहोचलो तेव्हा अंगणात नुसता धूर. शेडमधून एक सत्तरीचे आजोबा उठले. "आओ माँसाब, बिराजो. आज टाइम लगेगा. कंडे सील गए."

ताडपत्रीखालून पाणी शिरून गोवऱ्यांना ओल लागली होती. किती वेळ? "घंटा-सवा घंटा." भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी आईकडे बघितलं, कारण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर फार वेळ बसवत नाही. ती धुराकडे बघत होती. म्हणाली, "ओल्या गोवऱ्या खाली नको, वर रचा म्हणावं. खालच्या सुक्या पेटल्या की वरच्या आपोआप वाळतात." आणि उठून स्वतःच सांगायला गेली.

घरच्या माणसांची वाटणी पहिल्या पाच मिनिटांत समजते. आजोबा गल्ल्यावर, त्यांनी पन्नास वर्षं लग्नाकार्यांत भट्ट्या लावल्या आहेत. आजी परातीपाशी. मुलगा आगीपाशी. सून वाढायला, चुलीवरच्या डाळीपाशी आणि मध्येच मुलीच्या गृहपाठापाशी. मुलगी आठ-नऊ वर्षांची, गल्ल्याशेजारी वही घेऊन बसलेली. मेन्यू नाही. ताट एकच: बाटी किंवा बाफला, तुरीची डाळ, कढी, लसणाची चटणी, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि एक लाडू. ताटाचे 180 रुपये.

वेळ होताच, म्हणून मी आगीपाशी जाऊन उभी राहिले. लांबट खड्डा, गुडघाभर खोल. गोवऱ्यांचा धूर संपून लाल निखारे झाले आणि त्यावर पांढरी राख चढली, तेव्हा मुलाने लोखंडी सळईने ते सपाट केले. तोवर एकही बाटी ठेवली नव्हती. धुरावर ठेवली तर बाटीला गोवरीचा वास लागतो, निखाऱ्यावर ठेवली तर गव्हाचा येतो, असं तो म्हणाला. मग एकेक गोळा ठेवत गेला. चिमट्याने फिरवत, चारी बाजूंनी तपकिरी डाग पडले की बाजूच्या गरम राखेत पुरायचा. तिथे तो वीस-पंचवीस मिनिटं आतून शिजतो. झालाय का हे बघायला बोटाच्या सांध्याने टकटक करतात, नारळ वाजवून बघतात तसं. पोकळ वाजला की काढायचा. सगळ्या बाट्या निघाल्या की गोणपाटात घालून दोघांनी दोन टोकं धरायची आणि झुलवायचं. राख झडते. जी उरते ती फडक्याने पुसायची, मग मुठीत दाबून तडा द्यायचा आणि तुपाच्या पातेल्यात बुडवायची.

बाफल्याचं वेगळं. तोच गोळा आधी हळद घातलेल्या उकळत्या पाण्यात सोडायचा, तरंगायला लागला की निथळून मग निखाऱ्यावर. आधी बाफवलेला, म्हणून बाफला. आत मऊ राहतो, तूप जास्त पितो, आणि दुपारी माणसाला झोपवतो. पीठ जाडसर हवं, रव्यासारखं लागणारं. मी आजींना विचारलं, गहू कुठला? "तेजस," त्या म्हणाल्या. इंदूरच्या गहू संशोधन केंद्रातून निघालेला पूसा तेजस हा कठिया, म्हणजे कडक दाण्याचा गहू, पोळीला जरा कडकच, पण बाटीला बरोब्बर. पिठात मुठीत धरून गोळा वळेल इतकं तुपाचं मोहन, ओवा, मीठ. बस.

ताटं आली तेव्हा पावणेदोन झाले होते. आईने आधी तूप हाताला चोळलं. आम्ही सगळे श्वास रोखून. सूनही वाढता वाढता थांबली, तिला काय चाललंय ते लगेच कळलं. आईने हुंगलं, मान हलवली आणि बाटी कुस्करायला घेतली. पहिल्याच घासाला दाताखाली राखेचा कण आला. मी म्हटलं, झालं! पण ती म्हणाली, "असू दे. राख नाही लागली तर भट्टीची कशावरून?" डाळीबद्दल मात्र: "हिंग कमी आहे." हे परातीपाशी ऐकू गेलं. आजी तिथूनच म्हणाल्या, "आप लोग तो दाल में गुड़ डालते हो ना?" आई म्हणाली, "थोडासा." आजी हसल्या. त्या हसण्यात आमच्या सगळ्या आमट्यांवरचा निकाल होता.

भरीत उत्तम. त्यावर अजून लिहिलं असतं, पण पुढे जे झालं त्यापुढे भरताचं काय घेऊन बसायचं.

सूनबाई एका थाळीत काहीतरी काळं, पानात गुंडाळलेलं घेऊन आली. "माँसाब, ये मेरे मायके का है. सिर्फ इतवार को बनाती हूँ." तिचं माहेर जोबटकडचं, आलीराजपूर जिल्ह्यातलं. तिकडे पानिये करतात: मक्याचं पीठ कोमट पाण्यात मिठाबरोबर मळायचं, हातावर थापायचं, पळसाच्या दोन पानांच्या मध्ये ठेवायचं आणि निखाऱ्यावर भाजायचं. पान जळून कोळसा होतं, आतली भाकरी मात्र जळत नाही. तिने माझ्यासमोरच वरचं पान सोलून काढलं. खाली पिवळा पानिया, आणि त्यावर पळसाच्या पानाची शीर न् शीर उमटलेली. मधली जाड, तिच्यापासून फुटलेल्या बाजूच्या, त्यांच्यातलं बारीक जाळंसुद्धा. वास मक्याचा कमी, पानाचा जास्त.

भाच्याने फोटो काढायला मोबाईल उचलला. आईने त्याचा हात बाजूला केला आणि पानिया उचलून घेतला.

"हे पानगे आहेत," ती म्हणाली.

"पानिये, माँसाब."

"तेच ते. पानगे. आमच्याकडे गव्हाचे करतात. शेतात. पळसाची पानं तोडून आणायचं काम माझं असायचं."

मी पन्नास वर्षांची आहे. आईने पानगे हा शब्द माझ्यासमोर पहिल्यांदा उच्चारला. रोडगे, म्हणजे तिकडची बाटी, मला माहीत होते, तेही एका गोष्टीमुळे: नवी नवरी असताना तिने हौसेने रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती, आणि माझ्या आजीने, म्हणजे तिच्या सासूने, "हे काय, बाटीच बिघडवलीस की" असं म्हटलं होतं. घरात ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जायची. बाबा सांगायचे, आत्या सांगायच्या, आई हसायची. त्यानंतर तिने रोडगे कधी केले नाहीत. पुढे ती उत्तम बाफले करायला शिकली, गच्चीवर गोवऱ्या लावून, अख्ख्या गल्लीला बोलवून. पण ते सासरचे बाफले होते. बाहेर जाऊन ते कशाला खायचे, असं तिला वाटत असेल तर मला आता त्यात काही चूक दिसत नाही.

तिने दोन पानिये खाल्ले, सुनेने त्यांच्याबरोबर दिलेल्या उडदाच्या डाळीशी. बाटी अर्धी तशीच राहिली. मग त्या दोघींचं जे सुरू झालं त्यात मला जागा नव्हती. पान कोवळं घ्यायचं की जून? जून, कोवळं लगेच पेटतं. तिकडे रुईचं पानही चालतं, असं सून म्हणाली. आईला ते पटलं नाही, रुईचा चीक वाईट. मोहन घालायचं का? मक्यात नाही, गव्हात हवं. सून उभ्याने बोलत होती, आईने तिला ओढून शेजारी बसवलं. परातीपाशी बसलेल्या सासूबाईंनी दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा "अबी आई" म्हणून ती बसूनच राहिली. मला मजा वाटली, पण सासूबाईंना वाटली नसावी.

बिल त्या लहान मुलीने केलं, शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर. तीन ताटं 180 प्रमाणे, पानिये दोन, 40 प्रमाणे. बेरीज केली 610. मी म्हटलं, बघ परत. तिने बोटं मोजली, खोडलं, 620 लिहिलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मीच काहीतरी चोरलंय. आजोबा म्हणाले, पानिये का पैसा नहीं लगेगा, वो बहू ने खिलाया है. मग पुन्हा खोडाखोड. शेवटी 540. पानियाचे 80 रुपये मी मुलीच्या वहीत ठेवले.

परतताना पावसाने झोडपलं. भाचा मागच्या सीटवर झोपला, बाफला त्याला पोहोचला होता. तेजाजी नगर आलं तेव्हा आईने पर्समधून मोबाईल काढला आणि अकोल्याला मामाला लावला. मामाशी बोलताना तिची भाषा बदलते, एरवीचं इंदुरी मराठी कुठल्या कुठे जातं.

"काय करून राह्यला? जेवला का? ऐक, इथं पानगे भेटतात म्हटलं… हो, इंदूरलाच. पळसाच्या पानातले… नाव बदललंय, पण तेच."

स्पीकर चालू होता, त्यामुळे मामाचं मलाही ऐकू आलं.

"वांग्याची भाजी होती काय?"

"नाही. उडदाची डाळ."

"मंग काय मजा नाही," मामा म्हणाला.

"भरीत होतं," आई म्हणाली. मग जरा थांबून, "पुढच्या खेपेला मी भाजी घरून नेते."