किंडरहूकचं डच आणि पोर्ट युएनची पोरगी

न्यू जर्सीत ताईकडे गेलं की सुरुवातीचे दिवस ओक ट्री रोडवर भाजी, साड्या आणि पाणीपुरीतच जातात. ज्या थॉमस एडिसनच्या नावाचं हे गाव त्याचे वडिलांकडचे पूर्वज डच होते, हे दाजी सहज बोलून गेले आणि तिथून न्यूयॉर्कमधल्या, डचांची जुनी वस्ती असलेल्या हडसन व्हॅलीचा बेत निघाला. पानगळीतला शनिवार, त्यामुळे गर्दी अशी की पार्किंगसाठीच जीव जातो.

हाइड पार्कला धनाढ्य व्हँडरबिल्टांचा 54 खोल्यांचा वाडा पाहिला, नुसता सोन्याचा मुलामा, मला काडीचं कौतुक वाटलं नाही. जवळच राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टांचं घर, तिथली दोर ओढून वर जायची लिफ्ट मात्र बघाच. पोलिओने पाय गेलेला माणूस हाताच्या जोरावर स्वतःला वर खेचायचा!

किंडरहूक एकदम निवांत गाव. आठवे राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन इथले, जन्म 1782 चा, घरात डच बोलायचे, इंग्रजी नंतर शिकले, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेले आजवरचे हे एकटेच राष्ट्राध्यक्ष. सगळे हे कौतुकाने सांगतात, मलाही भारी वाटलं. वडिलांची खानावळ होती आणि पदरी सहा गुलाम, हे मात्र हळू आवाजात.

येताना पूल ओलांडून पोर्ट युएनला थांबलो, खरंतर दाजींना कॉफी हवी होती म्हणून. रस्त्याच्या कडेलाच एका अनवाणी पोरीचा ब्राँझचा पुतळा, दोन्ही हातांत जड सुरया. मागून बघितलं तर पाठीवर वळ. ही इझाबेला, पुढे गुलामगिरीविरुद्ध लढलेली सोजर्नर ट्रुथ. डच बोलणाऱ्या मालकाकडे गुलामीत जन्मली म्हणून तिलाही फक्त डच यायचं, मग नऊएक वर्षांची असताना मेंढ्यांच्या कळपासकट 100 डॉलरला तिला विकलं, नवा मालक इंग्रजी बोलणारा, त्याचं सांगणं हिला कळेना आणि तो फोडून काढायचा. सकाळी ज्या डचचं एवढं कौतुक ऐकलं त्याच डचपायी हिने मार खाल्ला, अंतर म्हणाल तर तासाभराचं. माझं डोकंच फिरलं, ताई तर कितीतरी वेळ त्या पाठीकडेच बघत होती.

तिचा मुलगा बेकायदा अलाबामाला विकला गेला तेव्हा बाई कोर्टात गेली आणि 1828 मध्ये एका गोऱ्याविरुद्ध केस जिंकून त्याला परत आणलं. ते कोर्ट इथून अगदी जवळ, किंग्स्टनला, पण दाजींना थ्रूवेच्या ट्रॅफिकची घाई, राहिलंच. पुढच्या वेळी तो सोनेरी वाडा खुशाल कटाप, आधी किंग्स्टन.