आईबाबांची अमेरिकेतली स्मरणशक्तीची चाचणी

मुलांकडे आलेले आईबाबा तेच तेच विचारायला लागले, की इथले न्यूरॉलॉजिस्ट बरेचदा न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे पाठवतात. हे एमडी नसतात. मेंदू दिसतो कसा हे एमआरआय सांगतो. तो चालतो कसा, हे मोजणं यांचं काम.

आधी तासभर गप्पा, मग तीन-चार तास कागद-पेन्सिल, ठोकळे, चित्रं. चष्मा किंवा श्रवणयंत्र घरी विसरलं तर दिवस फुकट.

शब्दांची एक चाचणी बघा. 15 शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवतात आणि दर वेळी आठवतील तेवढे शब्द म्हणायचे. मध्येच दुसरी यादी घुसवतात. 20-30 मिनिटांनी पहिली पुन्हा विचारतात. समजा, चारच आठवले. पण इतर शब्दांत मिसळून समोर ठेवल्यावर बाकीचे भराभर ओळखले, तर शब्द आत गेलेत, बाहेर काढताना अडतंय. नैराश्यात असं होऊ शकतं. ओळखताही आले नाहीत, तर ते साठलेच नसावेत आणि अल्झायमरचा संशय बळावतो. गुण दोघांनाही चारच! खरं कसब इथे लागतं.

घोळ होतो तो भाषेत. चित्र पाहून नाव सांगायच्या बोस्टन नेमिंग टेस्टच्या 60 चित्रांत प्रेट्झेल (गाठीच्या आकाराचा खारा पाव) आहे, बीव्हर (नदीत बांध घालणारा प्राणी) आहे. जन्मात बीव्हर न पाहिलेल्या आजोबांचा तिथे काय दोष? ट्रेल मेकिंग या चाचणीच्या दुसऱ्या भागात आकडा, मग अक्षर, अशी आलटून-पालटून 1-ए-2-बी रेघ ओढायची असते, घड्याळ लावून. मराठी शाळेत शिकलेला माणूस एबीसीडी मनात घोकतो, आणि तो उशीर मेंदूच्या नावावर पडतो. अक्षरांऐवजी गुलाबी-पिवळे रंग वापरणारी कलर ट्रेल्स याच अडचणीसाठी आहे. शिक्षण किती आणि कुठल्या भाषेत झालं, हे आधीच सांगा. तुलना वय-शिक्षणाच्या गटाशी होते. दुभाषी म्हणून मुलगा नको. बाबा अडखळले की तो नकळत सुचवतोच.

या न्यूरोसायकॉलॉजिस्टांची तयारी लांबलचक असते. त्यांच्या प्रशिक्षणासाठी 1997 च्या ह्यूस्टन परिषदेनं घालून दिलेली चौकट अशी: पीएचडी किंवा सायडी (मानसशास्त्रातली डॉक्टरेट), त्यात वर्षभर इंटर्नशिप, पुढे दोन वर्षांची फेलोशिप. राज्याचा परवाना वेगळा. बोर्डाच्या प्रमाणपत्रासाठी लेखी परीक्षा, स्वतः तपासलेल्या रुग्णांचे अहवाल आणि तोंडी परीक्षा. हे प्रमाणपत्र मात्र कायद्यानं सक्तीचं नाही, त्यामुळे ते आहे का, आणि मराठी दुभाषी मिळेल का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.