शिवणारीने लिहायचे कशाला?

शिवणकाम करणाऱ्या बाईने लिहीत का बसायचे, तेवढ्या वेळात आणखी एक कपडा शिवून होणार नाही का, असे मला नेहमी विचारले जाते. विचारणाऱ्यांत गिऱ्हाईक असतात आणि याच कामातल्या बायकाही असतात. कपडा शिवून होईल, हे खरेच आहे. तरीही गवंडी असो, परिचारिका असो की हिशेबनीस, रोजचे काम करणाऱ्या प्रत्येकाने ते लिहून लोकांसमोर ठेवावे असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे कारण सांगते.

उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपा, कापलेला घेर (झग्याचा खालचा पसरट भाग) एक रात्र टांगून ठेवायचा आणि मगच खालची दुमड घालायची, हे मी शिकाऊ होते तेव्हापासून करत आले आहे. तेच लिहायला घेतले आणि दुसऱ्याच वाक्याला अडले. एकच रात्र का? उभे-आडवे धागे तिरपे लोंबू लागले की त्यांच्यातला काटकोन मोडतो आणि कापड स्वतःच्याच वजनाने खाली उतरते, एवढे मला सांगता येत होते. पण ते किती दिवस उतरत राहते, हे मी कधी मोजलेच नव्हते. मग एकाच मापाचे दोन घेर टांगले, एक घट्ट विणीचा आणि एक सैल विणीचा, आणि रोज सकाळी जमिनीपासूनचे अंतर मोजले. पहिला दुसऱ्या दिवशीच थांबला. दुसरा तिसऱ्या दिवशीही उतरत होता, तोही सगळीकडे सारखा नव्हे. कित्येक वर्षांपूर्वी एका बाईंनी घेर खालून वाकडा झाला म्हणून झगा परत आणला होता आणि मी त्यांना धुण्याची पद्धत बदलायला सांगितले होते. चूक माझी होती, हे मला त्या सकाळी कळले. हाताला सवय असते तोवर तिच्यातली चूक दिसत नाही. वाक्य लिहावे लागले की हात कुठे अंदाजाने चालतो ते उघडे पडते.

आपली भाषा लिहिण्याजोगी नाही, असे अनेकजणी म्हणतात. त्यांना मी अँटनी व्हॅन लेव्हेनहूक यांच्याबद्दल सांगते. ते नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे कापडाचे व्यापारी होते, आणि कापड पारखायला त्या काळचे व्यापारी भिंग वापरत. विद्वानांची लॅटिन त्यांना येत नव्हती. १६७३ पासून १७२३ मध्ये वयाच्या नव्वदीत निधन होईपर्यंत ते आपल्या रोजच्या डच भाषेत लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला पत्रे लिहीत राहिले. स्वतः बनवलेल्या भिंगांतून दिसलेल्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांबद्दल त्यांनी १६७६ मध्ये जे कळवले, त्यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. पण ते लिहिलेले होते म्हणून त्या संस्थेतले शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांना १६७७ मध्ये स्वतः पाहून ते पडताळता आले. याच लेव्हेनहूक यांनी आपली उत्तम भिंगे कशी बनवली ते मात्र कोणाला सांगितले नाही, आणि ती रीत त्यांच्याबरोबरच गेली. मला या गोष्टीचे फार वाईट वाटते.

धंद्यातले गुपित उघडे पडेल, या भीतीवर माझे उत्तर छोटे आहे: घेर टांगायचा असतो हे वाचून कोणी माझ्याकडे यायचे थांबले नाही. उलट घेरावरचे ते टिपण वाचून एका अनोळखी शिवणारीने कळवले की ती खालच्या कडेला सारख्या अंतरावर चिमटे लावते, म्हणजे कापड लवकर उतरते. मी आता तसेच करते. गिऱ्हाइकाचे नाव, माप आणि त्यांनी विश्वासाने सांगितलेले काही मात्र लिहू नये. तिथे मी कोणतीही सवलत घेत नाही.

सध्या बाहीबद्दल लिहिते आहे. बाहीचा वरचा गोलावा मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडायच्या भोकाच्या, मापापेक्षा साधारणपणे थोडा जास्त ठेवतात, म्हणजे बाही खांद्याच्या गोलाईवर नीट बसते. 'थोडा' म्हणजे किती आणि कोणत्या कापडाला किती, हे लिहिता यावे म्हणून गेला आठवडाभर हातातल्या प्रत्येक कपड्याची बाही आणि मुंढा मोजून वहीत उतरवते आहे.